‘तुझ्याकडे आहे?’ ‘हो, माझ्याकडे.’

प्रश्न : ताई, आमची धाकटी सात महिन्यांची आहे आणि थोरला पुढच्या महिन्यात चार पूर्ण करेल. मुलांना घेऊन आम्ही पहिल्यांदाच परदेशात जातोय. आठ दिवस, समुद्रकिनारी. विमानप्रवास साडेपाच तासांचा. तिकिटं काढून झाली आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. धाकटी विमानात रडत राहिली तर? ऊन लागलं तर? ती अंगावर पिते, पण रात्री पावडरच्या दुधाची एक बाटली लागते. थोरला पाण्याला अजिबात घाबरत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. सामानाची यादी तीन पानांची झाली आहे. नवरा म्हणतो, ‘तिकडेही माणसांना मुलं होतातच की.’ काय न्यायचं, काय सोडायचं, आणि मुळात जावं का?
— यादी करून दमलेली आई

उत्तर : जा. तिकिटं काढलीत, म्हणजे मनातून तुमचं ठरलेलं आहेच. आता फक्त कोणीतरी ‘हो’ म्हणायला हवं होतं.

तुमच्या यजमानांचं बोलणं बरंचसं खरं आहे. डायपर, ओले वाइप्स, बाळाचा साबण, वाळूत खेळायची बादली-फावडं हे सगळं जिथे माणसं सुट्टीला जातात तिथे मिळतं. ते यादीतून काढा, एक पान तिथेच कमी होईल. पण धाकटी पिते ती दुधाची पावडर मात्र सगळे दिवस पुरेल एवढी आणि वर दोन दिवसांची न्या. तिच्या सवयीची नसलेली पावडर परक्या गावी सुरू करून बघायची ही वेळ नाही. नेहमीची औषधं, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. सामानाच्या पट्ट्यावर बॅग आली नाही म्हणून रडणारे आई-बाप मी बावीस वर्षं पाहिले आहेत. विमानात काम करायचे मी, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

तेव्हा आधी विमानाचंच सांगते. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, त्याला आईच्या पट्ट्यात अडकवायचा वेगळा छोटा पट्टा देतात. समोर भिंत असलेल्या पहिल्या ओळीत बाळाचा पाळणा लावता येतो, पण असे पाळणे मोजकेच असतात आणि त्यांना वजनाची मर्यादा असते. म्हणून आजच विमान कंपनीला फोन करून मागून ठेवा आणि बाळाचं वजन सांगा. हवा हलायला लागून पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं, नुकतंच झोपलेलं असलं तरी. तेव्हा आमच्या मुलींवर चिडू नका, त्यांनाही ते आवडत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सलग जोडलेल्या तीन-चार खुर्च्यांवर ऑक्सिजनचा मास्क साधारण एकच जास्तीचा असतो. म्हणून मांडीवरची दोन बाळं शेजारी शेजारी बसवत नाहीत. कोणी तुमची जागा बदलायला सांगितलं तर कारण हे असतं, आकस नव्हे.

कान दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना. आतल्या हवेचा दाब उंचीवर कमी असतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. खाली येताना तो वाढत जातो, आणि बाळाच्या कानातली बारीक नळी तेवढ्या चपळाईने उघडत नाही. गिळलं की ती उघडते. म्हणून चाकं टेकायच्या वेळी नव्हे, त्याआधी अर्धा तास, विमान खाली येऊ लागतं तेव्हा तिला पाजायला घ्या. लोक चूक करतात ती इथे. उड्डाणाच्या वेळी सगळं दूध पाजून मोकळे होतात आणि उतरताना हातात काही उरत नाही. थोरल्याला नळीने घोट घोट पाणी द्या. चघळायच्या कडक गोळ्या नकोत, चार वर्षांच्या मुलाच्या घशात त्या अडकतात. सुरक्षा तपासणीत बाळाच्या दुधाला शंभर मिलिलिटरची अट सहसा लावत नाहीत, मात्र बाटली बॅगेतून आधीच बाहेर काढून ‘बाळाचं दूध आहे’ असं आपणहून सांगावं.

आणि रडलीच तर रडली. साडेपाच तासांत वीस मिनिटं रडलेलं बाळ उतरल्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता थोरला. खरं पत्र तुम्ही त्याच्यासाठी लिहिलंय, धाकटीसाठी नाही.

मी स्वतःची गोष्ट सांगते. माझा मुलगा चार वर्षांचा होता, मुलगी आठ महिन्यांची. आमचीही पहिलीच परदेशातली समुद्राची सहल, तिसरा दिवस. वारा सुटला होता, म्हणून मी छत्रीखाली समुद्राकडे पाठ करून मुलीला पाजत होते. मुलगा बापाबरोबर बादली धुवायला गेला, अशी माझी समजूत. बापाची समजूत, तो माझ्यापाशी खड्डा खणतोय. थोड्या वेळाने हे परत आले. एका हातात पाणी भरलेली बादली होती, दुसरा हात रिकामा. त्या रिकाम्या हाताकडे मी पाहिलं आणि त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या वाळूकडे. दोघंही काही बोललो नाही.

जीवरक्षकाने पहिला प्रश्न विचारला, कपड्यांचा रंग कोणता? पोहायची चड्डी निळी, मी म्हणाले. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. निळा, पांढरा, राखाडी हे रंग पाण्याखाली नाहीसे होतात. त्याने एकाला आधी पाण्याकडे धाडलं, नेहमी पाणी आधी बघायचं असतं. मग स्वतः हात वर करून वारा कुठे वाहतोय ते पाहिलं आणि त्याच दिशेने, म्हणजे वारा पाठीवर घेऊन, किनाऱ्याने चालू लागला. हरवलेली लहान मुलं बहुधा तशीच चालतात, वारा आणि ऊन तोंडावर नको म्हणून. अकरा मिनिटांनी सापडला. मुठीत शिंपले होते. मला बघून म्हणाला, ‘तुम्ही कुठे गेला होतात?’

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. विमानाचं दार बंद झालं की आम्ही आपापल्या दाराची, संकटात बाहेर पडायची घसरगुंडी सज्ज करतो आणि मग समोरच्या सहकाऱ्याचं दार तपासतो, तो आपलं तपासतो. क्रॉस-चेक म्हणतात त्याला. ‘केलं असेल त्याने’ हे वाक्य आमच्या कामात चालत नाही. आणि ते मी वाळूवर, स्वतःच्या पोराच्या बाबतीत, मनातल्या मनात म्हटलं होतं.

त्या दिवसापासून आमच्यात ठरलं, मूल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंडाने बोलायचं. ‘तुझ्याकडे आहे?’ ‘हो, माझ्याकडे.’ उत्तर ऐकू आल्याशिवाय पहिल्याने नजर हलवायची नाही. मान डोलावलेली चालत नाही, ‘हं’ चालत नाही. ज्याच्याकडे मूल त्याच्याकडे फोन नाही, पुस्तक नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाळी बदलायची, कारण त्याहून जास्त वेळ कोणाचं लक्ष टिकत नाही. पहिल्या दिवशी नवरा-बायकोला हसू येतं. तिसऱ्या दिवशी तोंडात बसतं.

‘पाण्याला घाबरत नाही’ अशा मुलासाठी एवढं पक्कं धरा. तो पाण्यात किंवा पाण्याच्या काठाशी असेल तेव्हा मोठं माणूस हात लांबवला की धरता येईल एवढ्या अंतरावर. छत्रीखालून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. बुडणारं मूल हाका मारत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना ओरडायला श्वास उरत नाही, आणि हे सगळं मिनिटाच्या आत होतं. दंडावरचे फुगे आणि कमरेचं हवेचं चाक ही खेळणी आहेत. चाकासकट वाऱ्याने मूल आत जातं. घालायचं तर त्याच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट घाला. आणि पोहायचे कपडे भडक नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी घ्या.

लाल-पिवळे झेंडे असलेला किनारा निवडा. अशा दोन झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते, पोहायचं ते तिथेच. नुसता लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. काही ठिकाणी खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी जीवरक्षकाला विचारून घ्या. आणखी एक. लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर लोक मुलांना नेमकं तिथे नेतात. तो बऱ्याचदा रिप करंट असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच समुद्रात परत ओढलं जातं. मोठं माणूस त्यात सापडलंच तर प्रवाहाशी झुंजू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, जमेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला पोहावं. तुमच्या मुलाला तर गुडघाभर पाण्यातली लाटही पाडते. ओहोटीत मागे उरलेली उथळ डबकी त्याच्या वयाला समुद्रापेक्षा बरी, पण हाताचं अंतर तिथेही.

रोज सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांत दोघांचा फोटो काढून ठेवा आणि थोरल्याच्या दंडावर पेनने तुमचा फोन नंबर लिहा, देशाच्या कोडसकट. भेटायची जागा म्हणून छत्री दाखवू नका, छत्र्या सगळ्या सारख्या. जीवरक्षकाचा मनोरा दाखवा.

खड्डे खणू द्या, पण त्याच्या गुडघ्याहून खोल नाही. वाळूच्या भिंती न सांगता ढासळतात.

उन्हाचं आता धाकटीसाठी. सात महिन्यांच्या बाळाला सनस्क्रीन लावता येतं (सहा महिन्यांखाली मुख्य भिस्त सावली आणि कपड्यांवरच), पण लावलं म्हणजे उन्हात ठेवायला परवाना मिळाला असं नाही. एसपीएफ तीस किंवा जास्त, झिंक ऑक्साइडचं, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. आधी घरी तिच्या हाताच्या छोट्या भागावर लावून बघा. त्याहून मोलाचं म्हणजे पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि मानेवर झालर असलेली टोपी. छत्रीची सावली पुरेशी वाटते, पण कोरडी वाळू अतिनील किरणांचा सुमारे पंधरा टक्के भाग परत फेकते आणि समुद्राचा फेस पंचवीस टक्के, म्हणजे ऊन खालूनही लागतं. ढगांवरही विसंबू नका. घड्याळ नसलं तरी चालेल, मुलाची सावली मुलापेक्षा आखूड झाली की किनारा सोडायचा. सकाळी दहापर्यंत दीड-दोन तास, मग संध्याकाळी चारनंतर पुन्हा तेवढेच. एवढा समुद्र या वयाला पुरतो. मधला वेळ खोलीत, झोप आणि जेवण. मोठ्यांना वाटतं पैसे वाया गेले, मुलांना तसं अजिबात वाटत नाही.

बाबागाडीवर दुपटं टाकून आत अंधार करायची सवय असेल तर ती घरीच ठेवा. कोरडं पातळ कापडही आतली हवा कोंडून गाडीची भट्टी करतं आणि बाहेरून बाळ शांत झोपल्यासारखं दिसतं. गाडी सावलीत, पुढून-मागून उघडी. वाळूवर पाय ठेवायला देण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नाही ते त्यांनाही सोसणार नाही.

पिण्याचं. उन्हात ती जास्त वेळा अंगावर मागेल, तेव्हा तुम्हीच जास्त पाणी प्या. सहा महिन्यांनंतर तिला मधूनमधून उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट द्यायला हरकत नाही. रात्रीच्या बाटलीसाठी मात्र नेम पाळा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी सत्तर अंशांहून थंड व्हायच्या आत तिच्यात घालायचं, मग बाटली नळाखाली धरून गार करायची. उरलेलं दूध टाकून द्यायचं. बाटलीबंद पाणी वापरलंत तरी उकळा, आणि लेबलवर सोडियम लिटरला दोनशे मिलिग्रॅमहून कमी आहे ना ते बघा. खनिजांचं पाणी बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातं.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापातच, आणि अंगावरचं दूध थांबवू नका. सहा-आठ तास डायपर कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, मूल मलूल, यातलं काहीही दिसलं की डॉक्टर. दूतावासाचा नंबर शोधण्याआधी जवळच्या दवाखान्याचा नंबर शोधा. प्रवासाच्या विम्यात दोन्ही मुलांची नावं आहेत ना, तेही बघा.

निघण्याआधी चार ते सहा आठवडे बालरोगतज्ज्ञांना भेटा. परदेशप्रवासासाठी गोवराची लस सहाव्या महिन्यापासून देता येते. ती लवकर दिलेली मात्रा वेळापत्रकात धरत नाहीत, पुढच्या ठरलेल्या मात्रा द्याव्याच लागतात. पिवळ्या तापाची लस लागणारा देश असेल तर नऊ महिन्यांखालच्या बाळाचा प्रश्न वेगळा होतो, ते डॉक्टरांशीच बोला. डासांसाठी मच्छरदाणी सगळ्यांत उत्तम. डीट असलेलं औषध लावलंत तर तिच्या हातांना आणि तोंडाला नको, हात तोंडात जातात.

हॉटेलला एक फोन करा. बाळाची खाट आहे का, खोलीत पाणी उकळायची किटली आहे का, आणि खोलीचं दार कुठे उघडतं? लहान मुलं आहेत म्हणून लोक हौसेने तळमजला मागतात. काचेचं सरकतं दार थेट पोहण्याच्या तलावाकडे उघडत असेल तर तो तळमजला नको. वरची खोली मिळाली तर बाल्कनीतल्या खुर्च्या पहिल्याच मिनिटाला आत घ्या, कठड्यापाशी खुर्ची म्हणजे शिडीच.

पोहायचे डायपर लघवी शोषत नाहीत, फक्त शी धरून ठेवतात. मी पहिल्या दिवशी खोलीतूनच घालून निघाले आणि टॅक्सीची सीट भिजवली. पाण्यात जायच्या दोन मिनिटं आधी घाला. आणि पाण्यात तिचे ओठ निळसर झाले किंवा ती थरथरली की लगेच बाहेर काढा. एवढ्या लहान जिवाला पहिल्या वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाली.

---

प्रश्न : मुलगा-सून नातवंडांना घेऊन परदेशात समुद्रकिनारी चालले आहेत, मलाही चल म्हणतात. मला पोहता येत नाही, गुडघे दुखतात. माझी अडचणच होईल ना?
— एक आजी

उत्तर : आजी, तुम्ही जात असाल तर त्या सुनेचं नशीब मोठं. तीन मोठी माणसं म्हणजे एकाला दुपारी झोपता येतं. फक्त पाण्याजवळची पाळी घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. वाळूत पळता न येणाऱ्या माणसावर चार वर्षांच्या मुलाची जबाबदारी टाकणं त्या दोघांवरही अन्याय आहे. ‘सावलीतलं बाळ माझ्याकडे, पाण्यातलं तुमच्याकडे’ हे निघायच्या आधीच सांगून टाका. विमानतळावर चाकाची खुर्ची मागायला लाजू नका, ती तिकिटाबरोबरच नोंदवून ठेवता येते.

---

प्रश्न : मी मुलीला घेऊन एकटाच जातोय, बायको तिच्या कामातून चार दिवसांनी तिकडे येणार. मुलगी निघताना दोन वर्षांहून नऊ दिवस लहान आहे, परतताना दोन पूर्ण झालेली असेल. मांडीवरच्या तिकिटात येणं-जाणं दोन्ही चालेल का?
— एक बाबा

उत्तर : जाताना चालेल, येताना नाही. ज्या दिवशी दोन वर्षं पूर्ण, त्या दिवसापासून तिला स्वतःची खुर्ची लागते, आणि हे विमानतळावर कळलं तर मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. काउंटरवर जन्मतारीख पासपोर्टवरच वाचतात, तिथे हुज्जत चालत नाही. तिचा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा हवा, पुष्कळ देश तशी अट घालतात.

एकटे जाताय म्हणून बायकोचं सहीचं संमतीपत्र बरोबर ठेवा. त्यात प्रवासाच्या तारखा, कुठे राहणार, तिचा फोन नंबर हे सगळं हवं, शक्य तर नोटरी केलेलं. त्याला जोडून मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत. बहुतेक वेळा कोणी मागत नाही. मागितलं, तर मध्यरात्री, मांडीवर झोपलेलं मूल घेऊन उभे असताना मागतात. म्हणून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

वाढदिवस तिकडेच करा. परतीची खुर्ची मात्र या आठवड्यात काढून टाका.